पूडल

दाट, कुरळ्या व सतत वाढणाऱ्या केसांची कुत्र्याची एक जुनी जात. सध्या ती मुख्यतः सोबतीसाठी घरात पाळली जाते. तथापि मुळात ती पाण्यात पडलेली शिकार उचलून आणणाऱ्या पाणकुत्र्यांची जात होय. मानेभोवती आयाळ, पायांवर गोंडे आणि केस काढून टाकलेली कंबर अशा थाटातील पूडलचे चित्र इतके रूढ झालेले आहे, की पुष्कळ लोक त्याला केवळ शोभेचा प्राणी समजतात. प्रत्यक्षात या थाटाचा आरंभ शिकारीच्या गरजेतून झाला. शोभेचे महत्त्व त्याला मागाहून आले. पूडलचा इतिहास हा बव्हंशी त्याच्या केसांचा व आकारमानाचा आणि या दोहोंच्या बाबतीत माणसाने वेळोवेळी केलेल्या निवडीचा इतिहास आहे. या निवडीचे लाभ माणसाला मिळाले. तिची किंमत मात्र काही अंशी या जातीला चुकवावी लागली आहे [⟶ कुत्रा].

नाव व उगम : ‘पूडल’ हे नाव ‘पूडेलहुंड’ या जर्मन शब्दावरून आलेले आहे. त्यातील पूर्वपद पाण्यात डुंबणे, पाणी उडविणे अशा अर्थाच्या क्रियापदाशी निगडित असून ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. फ्रेंच भाषेत या कुत्र्याला ‘कानीश’ म्हणतात. हा शब्द ‘बदकाची मादी’ या अर्थाच्या ‘कान’ या शब्दापासून बनला आहे. अशा रीतीने दोन वेगवेगळ्या भाषांतील नावे या जातीच्या एकाच व्यवसायाकडे बोट दाखवितात.

पूडलच्या मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. नावावरून व जुन्या चित्रांवरून तो जर्मनीतला असावा असे काही अभ्यासक मानतात, तर इतरांच्या मते तो फ्रान्समधील ‘बार्बे’ या दाढीवाल्या पाणकुत्र्याचा वंशज आहे. आंतरराष्ट्रीय श्वानमहासंघाने (स्थापना १९११) त्याचे मूलस्थान फ्रान्स हे ठरविले आहे. पोर्तुगाल, स्पेन व आयर्लंड या देशांतही कुरळ्या केसांचे पाणकुत्रे आढळतात. जातींच्या वंशावळी लेखी ठेवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. तत्पूर्वी कुत्र्यांची विभागणी जन्मावरून न होता कामावरून होत असे. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकांतील ‘पाणकुत्रा’ या संज्ञेत आजच्या अनेक जातींचे पूर्वज एकत्र येतात आणि त्यांतून एकट्या पूडलची वंशरेषा काटेकोरपणे वेगळी काढणे शक्य होत नाही.

पाण्यातील काम व केसांची कातरणी : बंदुकीचा वापर सार्वत्रिक होण्यापूर्वी पाणथळ प्रदेशात बदके व इतर पाणपक्षी बाणांनी किंवा जाळ्यांनी धरीत. पाण्यात पडलेला पक्षी आणि नेम चुकून वाहत जाणारा बाण परत आणण्यासाठी पोहण्यात तरबेज, थंड पाण्याला न बुजणारा आणि आणलेली वस्तू न चावता हाती देणारा कुत्रा आवश्यक असे. दाट कुरळ्या केसांमुळे अशा कुत्र्याच्या अंगाची ऊब टिकते. परंतु हेच केस पाणी शोषून जड होतात, झुडपांत व पाणवनस्पतींत अडकतात आणि पोहण्यास अडथळा आणतात. यावर पारध्यांनी शोधलेला उपाय म्हणजे शरीराच्या मागील भागाचे केस काढून टाकणे व छातीवरचे राखणे.

या प्रथेचा स्पष्ट लेखी पुरावा उपलब्ध आहे. गर्व्हेस मार्कम या इंग्रज लेखकाने पक्ष्यांच्या शिकारीवर १६२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाणकुत्र्याच्या मागील भागाचे केस कातरण्याच्या प्रथेची चर्चा केली आहे. आल्ब्रेक्ट ड्यूरर (१४७१–१५२८) या जर्मन चित्रकाराच्या काही मुद्राचित्रांतही सिंहासारखी आयाळ राखलेला कुत्रा दिसतो. म्हणजे ज्याला पुढे ‘सिंहकातरणी’ असे नाव मिळाले, तो प्रकार राजदरबारातील केशभूषाकारांच्या आधीपासून प्रचारात होता. सांध्यांवर राखलेले केसांचे गोंडे संधिवातापासून रक्षण करण्यासाठी आणि डोक्यावर बांधलेली रंगीत फीत दुरून आपला कुत्रा ओळखता यावा म्हणून असे, असे परंपरेने सांगतात. मागील भाग उघडा करण्याच्या प्रथेला जसा समकालीन लेखी आधार आहे, तसा या दोन गोष्टींना नाही. त्यांत उपयोग किती व हौस किती हे सांगणे कठीण आहे.

रणांगण, नगर व साहित्य : सतराव्या शतकात पूडल उमरावांच्या सहवासात वावरू लागल्याचे दिसते. इंग्लंडमधील यादवी युद्धात (१६४२–५१) पहिल्या चार्ल्स राजाचा भाचा राजपुत्र रूपर्ट (१६१९–८२) याच्याजवळ ‘बॉय’ नावाचा पांढरा शिकारी पूडल होता. रूपर्ट ऑस्ट्रियात लिंट्स येथे कैदेत असताना तो त्याला भेट मिळाला होता. हा कुत्रा म्हणजे सैतानी शक्ती असून त्याच्यामुळेच रूपर्टला विजय मिळतात, अशा आशयाची चोपडी त्या काळी छापली गेली. २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत बॉय मारला गेला. युद्धकालीन प्रचारपत्रकांचा विषय झालेला हा बहुधा पहिला प्रसिद्ध कुत्रा असावा.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पूडलच्या केसांना खऱ्या अर्थाने शोभेचे स्थान मिळाले. दरबारी स्त्रीपुरुषांची केशरचना ज्या काळात विलक्षण गुंतागुंतीची झाली, त्याच काळात त्यांच्या कुत्र्यांचे केसही नाना आकारांत कापले जाऊ लागले. पॅरिसमध्ये सेन नदीचे घाट व पाँ नफ हा पूल या ठिकाणी कुत्र्यांचे केस कापणारे कारागीर बसत. त्यांचा हा धंदा एकोणिसाव्या शतकातही चालू होता व तत्कालीन व्यंगचित्रांत तो वारंवार आढळतो. याच सुमारास पूडलला जत्रांतील खेळांत व पुढे सर्कशीत मागणी आली. ग्रहणशक्ती, माणसाच्या हालचालींकडे असणारे बारीक लक्ष आणि मागच्या पायांवर तोल सांभाळण्याचे कसब यांमुळे तो तेथे लोकप्रिय ठरला. विदूषकी कातरणीमुळे प्रेक्षकांचे मनोरंजन होई. पण या जातीच्या कामसू इतिहासाचे विस्मरण होण्यासही तीच कारणीभूत झाली.

जर्मन साहित्यात व विचारविश्वात पूडलला वेगळेच स्थान लाभले. गटेच्या फाउस्ट या नाट्यकाव्याच्या पहिल्या भागात (१८०८) सैतानाचा दूत मेफिस्टोफेलीस प्रथम काळ्या पूडलच्या रूपाने फाउस्टच्या मागोमाग त्याच्या अभ्यासिकेत येतो. यावरून एखाद्या गोष्टीतील दडलेले मर्म या अर्थी ‘पूडलचा गाभा’ हा वाक्प्रचार जर्मन भाषेत रूढ झाला. तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहौअर (१७८८–१८६०) याने आयुष्यभर एकामागून एक पूडल पाळले व त्यांना ‘आत्मा’ हे एकच नाव दिले. हे नाव त्याने संस्कृतातून घेतले होते. दारा शुकोव्हच्या पुढाकाराने १६५७ मध्ये झालेल्या उपनिषदांच्या फार्सी भाषांतरावरून आंकतील द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने केलेले लॅटिन भाषांतर १८०१-०२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते शोपेनहौअरच्या नित्य वाचनात असे. एक कुत्रा मेला तरी त्या जातीचे सत्त्व दुसऱ्यात कायम राहते, अशी त्याची यामागील भूमिका होती. फ्रँकफुर्टमधील त्याच्या रोजच्या फेरफटक्यात हा पूडल बरोबर असे आणि आपल्या पश्चात त्याची काळजी घेतली जावी अशी तरतूदही त्याने करून ठेवली होती.

श्वानप्रदर्शनांचा काळ : इंग्लंडमध्ये १८७३ साली केनेल क्लब ही संस्था स्थापन झाली व पुढील वर्षी तिच्या दप्तरात पहिल्या पूडलची नोंद झाली. अमेरिकेतील तशाच संस्थेची स्थापना १८८४ मधील. या संस्थांनी प्रत्येक जातीचे लेखी मानक ठरविले, वंशावळींची नोंदवही ठेवली आणि नोंदलेल्या आईबापांच्या पिलांनाच त्या जातीत स्थान दिले. यामुळे पाणकुत्र्यांच्या मोठ्या व सैल समूहातून पूडल ही बंदिस्त जात वेगळी निघाली. जुन्या चित्रांत काळेपांढरे ठिपकेदार पूडल आढळतात; परंतु प्रमुख मानकांनी एकरंगी केसांचा आग्रह धरल्यामुळे असे कुत्रे प्रदर्शनातून बाद झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जटाधारी पूडलची लाट आली. पूडलचे केस न विंचरता वाढू दिल्यास ते पिळले जाऊन त्यांच्या लांब जटा होतात. जमिनीवर लोळणाऱ्या जटा असलेले कुत्रे प्रदर्शनांत गाजले. पण त्या जटांना तेल लावणे, त्या बांधून ठेवणे व कोरड्या राखणे हे सर्व इतके जिकिरीचे होते, की विंचरून फुलविलेल्या केसांच्या पूडलपुढे हा प्रकार लवकरच मागे पडला.

विसाव्या शतकात या जातीच्या प्रसाराचे केंद्र अमेरिका हे झाले. न्यूयॉर्क येथील वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात १९३५ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या एका पांढऱ्या पूडलने सर्वश्रेष्ठ कुत्र्याचा मान मिळविला. हा मान मिळविणारा तो पहिला पूडल होय. त्यानंतर या जातीची लोकप्रियता वाढत गेली आणि १९६० पासून १९८२ पर्यंत सलग बावीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेतील नोंदणीत पूडल पहिल्या क्रमांकावर राहिला. पुढे हे स्थान इतर जातींकडे गेले. तथापि प्रदर्शनांतील त्याचे वर्चस्व टिकून राहिले. वेस्टमिन्स्टर येथे २०२० मध्ये मोठ्या व २०२४ मध्ये मध्यम लहान प्रकारच्या पूडलने पुन्हा तो मान मिळविला. नंतरच्या काळात मूळच्या कणखरपणाची काही उदाहरणेही नोंदली गेली. अलास्कातील सु. १,६०० किमी. अंतराच्या इडिटारॉड या घसरगाड्यांच्या शर्यतीत १९८८ ते १९९१ या काळात एका स्पर्धकाने पूडल जुंपलेला संघ उतरविला होता. कुत्र्यांची शक्ती व आज्ञाधारकता पुरी पडली. अडचण झाली ती केसांची. त्यांत बर्फ अडकून गोठत असे. पुढे ही शर्यत उत्तरेकडील थंड प्रदेशातील जातींपुरती मर्यादित करण्यात आली.

प्रकार : पूडलचे प्रकार केवळ खांद्याजवळच्या उंचीवरून ठरतात; बांधा, चेहरा व केस यांबाबतचे मानक सर्वांना सारखेच लागू असते. आंतरराष्ट्रीय श्वानमहासंघ चार प्रकार मानतो : मोठा (४५ सेंमी.हून अधिक व ६० सेंमी.पर्यंत), मध्यम (३५ सेंमी.हून अधिक व ४५ सेंमी.पर्यंत), लहान (२८ सेंमी.हून अधिक व ३५ सेंमी.पर्यंत) आणि खेळण्याएवढा म्हणजे टॉय (२४ ते २८ सेंमी.). इंग्लंड व अमेरिका या देशांत तीनच प्रकार आहेत. अमेरिकेत ३८ सेंमी.हून उंच तो स्टँडर्ड, २५ ते ३८ सेंमी. उंचीचा मिनिएचर व २५ सेंमी.पर्यंतचा टॉय समजला जातो. स्टँडर्ड पूडलचे वजन सु. १८ ते ३२ किग्रॅ., मिनिएचरचे ४·५ ते ७ किग्रॅ. आणि टॉयचे २ ते ३ किग्रॅ. असते. बोलीत रूढ असलेला ‘टीकप’ हा प्रकार प्रमुख संस्थांना मान्य नाही. अतिलहान पिलांसाठी विक्रेत्यांनी लावलेले ते नाव आहे.

मूळ पाणकुत्रा मोठ्या आकाराचा होता. लहान प्रकार त्यातून निवडीने निर्माण केले गेले. कुत्र्यांमधील लहान आकारमानाशी शरीरवाढीस चालना देणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाचा निकटचा संबंध असल्याचे २००७ मध्ये आढळून आले. लहानपणास कारणीभूत होणारे या जनुकाचे रूप प्राचीन लांडग्यांतही, म्हणजे कुत्रा माणसाळण्याच्या पुष्कळ आधी, अस्तित्वात होते, असे २०२२ मधील संशोधनाने दाखविले. माणसाने ते निर्माण केले नाही. केवळ निवडून एकत्र आणले.

शरीरवैशिष्ट्ये व केस : पूडलचा बांधा प्रमाणबद्ध असून उंची व लांबी जवळजवळ सारखी असते. मुस्कट लांब व सरळ, डोळे बदामी, कान लांब व गालांलगत लोंबणारे, बोटांमध्ये पोहण्यास उपयोगी पडदे आणि चाल हलकी व उसळती असते. काळा, पांढरा, तपकिरी, करडा, जर्दाळू व तांबूस हे प्रमुख रंग आहेत. करड्या रंगाची पिले जन्मतः काळी असून पुढे त्यांचा रंग फिकट होत जातो.

या जातीचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य म्हणजे केस. कुत्र्यांच्या केसांतील बहुतेक विविधता केवळ तीन जनुकांच्या जोडणीतून निर्माण होते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. एकामुळे केस लांब होतात, दुसऱ्यामुळे कुरळे होतात आणि तिसऱ्यामुळे मिशा-भुवयांचे केस वाढतात. पूडलमध्ये या तिन्ही गुणांचा संगम झालेला आहे. असे केस दीर्घकाळ वाढत राहतात आणि गळालेला केस जमिनीवर न पडता कुरळेपणामुळे आतच अडकतो. पूडल ‘केस गाळत नाही’ असे म्हणतात, त्याचे हे कारण होय. मात्र अडकलेले केस विंचरून काढले नाहीत, तर त्यांचे गुंते होऊन अंगावर नमद्यासारखा थर तयार होतो. तो कातडी ओढतो, ओल धरून ठेवतो व त्वचारोगांस कारण होतो.

पूडलमुळे ॲलर्जी होत नाही ही समजूत सर्वत्र प्रचलित आहे. तथापि ॲलर्जी केसांमुळे नव्हे, तर कुत्र्याच्या लाळेतील व कातडीच्या कोंड्यातील प्रथिनांमुळे होते. या समजुतीतील जाती पाळणाऱ्या घरांत ही प्रथिने इतर घरांपेक्षा कमी आढळत नाहीत, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. २०१२ मधील दुसऱ्या पाहणीने त्याला दुजोरा दिला. या समजुतीवर विसंबून घेतलेले कुत्रे घरात कोणास त्रास होऊ लागताच सोडून दिले जाण्याचा धोका असतो.

स्वभाव : पूडल हुशार, उत्साही व माणसाच्या सहवासाची ओढ असलेला असतो. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने आज्ञापालनाच्या स्पर्धांतील परीक्षकांच्या मतांच्या आधारे १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रमवारीत बॉर्डर कोलीच्या खालोखाल पूडलला दुसरे स्थान मिळाले. अशा बुद्धीचा दुसरा भाग असा, की त्याला रोज व्यायाम व करण्यासारखे काहीतरी काम लागते. एकटे कोंडून ठेवल्यास तो भुंकू लागतो किंवा वस्तूंची नासधूस करतो. टॉय प्रकारातील कुत्रा लहान असला, तरी त्याचा स्वभाव पाणकुत्र्याचाच असतो. त्याला सतत कडेवर घेऊन वावरल्यास तो भित्रा व चिडखोर होतो.

आनुवंशिक विकार : बंदिस्त नोंदवहीचा आणि थोड्याच नामांकित नरांच्या वारंवार उपयोगाचा परिणाम पूडलमध्ये ठळकपणे दिसतो. अमेरिकेतील स्टँडर्ड पूडलची बरीचशी आनुवंशिक संपत्ती विसाव्या शतकाच्या मध्यास प्रदर्शनांत गाजलेल्या थोड्या कुत्र्यांकडून आलेली आहे. त्वचेतील तैलग्रंथींचा दाह व अधिवृक्क ग्रंथींचा ॲडिसन विकार हे दोन रोग या प्रकारात विशेष आढळतात. दोहोंतही शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतकांवर हल्ला करते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१५ मध्ये या रोगांचा संबंध वंशातील अशा आकुंचनाशी व निकट संबंधातील प्रजननाशी जोडला. मोठ्या पूडलमध्ये जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. लहान प्रकारांत गुडघ्याची वाटी सरकणे व दृष्टिपटलाचा क्रमाने होणारा ऱ्हास हे विकार आढळतात. शेवटच्या विकाराच्या एका प्रकारास कारणीभूत असणारा जनुकीय बदल २००६ मध्ये ओळखला गेला. त्यामुळे प्रजननापूर्वी रक्ततपासणी करून आंधळी पिले जन्मास येणे टाळता येते. बाह्य सौंदर्याच्या निवडीने आलेली ही हानी ज्ञानपूर्वक केलेल्या निवडीने काही अंशी भरून काढता येते, याचे हे उदाहरण होय.

संकर : ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातील अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन याने १९८९ च्या सुमारास लॅब्राडॉर व स्टँडर्ड पूडल यांचा संकर घडविला. हवाईतील एका अंध स्त्रीच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी असल्याने तिच्यासाठी हा प्रयत्न होता. जन्मलेल्या तीन पिलांपैकी एकच त्याला सोसेल असे निघाले. ‘लॅब्राडूडल’ हे नाव मात्र जगभर पसरले आणि पूडलशी इतर जातींच्या संकराची लाट आली. या मागणीतून बेजबाबदार पैदाशीला उत्तेजन मिळाल्याबद्दल कॉनरन याने २०१९ साली जाहीरपणे खेद व्यक्त केला. असे संकर आपोआप अधिक निरोगी असतात ही समजूतही ब्रिटनमधील २०२४ च्या मोठ्या पाहणीत खरी ठरली नाही. बहुतेक विकारांच्या बाबतीत संकरित व शुद्ध जातींत फरक दिसला नाही.

निगा : पूडलला रोज मुळापर्यंत विंचरावे लागते व दर चार ते सहा आठवड्यांनी त्याचे केस कापावे लागतात. दमट हवेत अंग भिजल्यानंतर केस पूर्ण कोरडे करणे आवश्यक असते. कानांच्या आत केस वाढून ओल साचत असल्याने कान वरचेवर तपासतात. घरी पाळलेल्या कुत्र्याला प्रदर्शनातील कातरणीची गरज नसते. सर्व अंगावर सारखे आखूड ठेवलेले केस सोयीचे पडतात. योग्य निगा राखल्यास लहान प्रकारचे पूडल चौदा-पंधरा वर्षे व मोठे सु. बारा वर्षे जगतात. पिलू घेताना आईबापांच्या तपासणीचे दाखले पाहणे आणि ही निगा इतकी वर्षे आपणास निभावेल काय याचा विचार करणे इष्ट ठरते. रानटी कुत्र्याचे केस ऋतुमानाप्रमाणे आपोआप गळतात. पूडलचे केस माणसाने आपल्या सोयीसाठी असे घडविले आहेत, की त्यांची निगा राखण्याचे कामही माणसालाच करावे लागते.